हेमाताईंचं दक्षिणेकडचं घर

हेमाताई ओगले मला उद्देशून पहिल्यांदा जे बोलल्या ते "हात मागे". नमस्कार नाही, कुठून आलीस नाही, बस नाही. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका जुन्या, खाली दुकान असलेल्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आत शिरले, टेबलावर गंजलेला एक पत्र्याचा डबा दिसला म्हणून जरा वाकले, तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून हा हुकूम आला, तोही मराठीत. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. नंतर कळलं की आमच्या डायरेक्टरांनाही त्या हेच सांगत, फक्त इंग्रजीत. आणि तेही निमूट हात मागे नेत.

आमचं काम जुन्या वस्तू टिकवण्याचं. वेगवेगळ्या संग्रहालयांकडून आमच्याकडे वस्तू यायच्या. हेमाताईंकडे धातू, माझ्याकडे कापड आणि लोकर. त्यांनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. ठेंगणा बांधा, आखूड कापलेले पांढरे केस, आणि बाराही महिने अंगात बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर. प्रयोगशाळेत एसी कडक असायचा हे खरं, पण त्या तो स्वेटर दुपारी जेवायला हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या उघड्या मंडपात, जातानासुद्धा काढत नसत. घामाने डबडबलेल्या, फिश सूपच्या वाफेत तोंड घालून बसलेल्या या बाईंकडे लोक वळून बघायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक फोटो होता. काळ्या खडीचा किनारा, मागे बर्फाचा डोंगर, आणि मध्ये एक ठेंगणं, लांबट, लाकडी घर. मी तो फोटो लगेच ओळखला. नाशिकला कॉलेजात असताना एका मासिकात मी ते घर पहिल्यांदा पाहिलं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका मोहिमेने ते तिथे बांधलं आणि ते अजून उभं आहे, आत बिछान्यांवर पांघरुणं, खुंटीवर मोजे, फळीवर कोकोचे डबे तसेच आहेत, हे वाचून मला वेड लागल्यासारखं झालं होतं. लोकर टिकवायचं शिक्षण मी घेतलं त्यामागे ते खुंटीवरचे मोजे होते. घरच्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

"हे अंटार्क्टिकातलं घर ना?" मी विचारलं.

"तुला कसं माहीत?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझ्या नवऱ्याला तू कशी ओळखतेस असं एखादीने विचारावं, तसा तो सूर होता.

"वाचलंय मी. खूप वाचलंय."

"मी दोन उन्हाळे होते तिथे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डब्याकडे वळल्या.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते जवळजवळ आठ वर्षं दुखत होतं. हेवा काय असतो ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. मैत्रिणीच्या दागिन्यांचा, बहिणीच्या मोठ्या घराचा मला कधी वाटला नाही. पण या बाईंनी त्या खोलीत उभं राहून श्वास घेतलाय, ही गोष्ट मला रोज सकाळी एमआरटीच्या गाडीत आठवायची आणि घराजवळच्या सेरंगूनपासून तांजोंग पगारपर्यंत पुरायची.

त्यांचं बोलणं तर आगीत तेल ओतणारं. त्या घरात राहिलेल्या माणसांबद्दल त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत, आणि कायम वर्तमानकाळात. नावं घेत नसत. "तो फोटोवाला फार जागा अडवणारा माणूस आहे. एवढ्याशा घरात फोटो धुवायला स्वतःची काळोखी खोली करून बसलाय." "स्वयंपाकी चांगला आहे, पण भांडी घासण्यात आळशी." "घोडेवाल्याच्या बिछान्याखाली नुसता पसारा." एकदा मी म्हटलं, "मी असं वाचलंय की घोडेवाला फार टापटिपीचा होता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी त्यांच्या माणसांबद्दल मत दिलं नाही.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "चांगलं करू नका, आहे तसं टिकवा." नव्याने आलेली मुलं एखादी वस्तू घासूनपुसून चकचकीत करायला निघत, तेव्हा ते यायचं. त्या घराच्या बाबतीत तर ते त्यांचं ब्रीदच होतं.

मरीन परेड भागात मराठी मंडळींनी एकदा त्यांचं भाषण ठेवलं. हॉलमध्ये बटाटेवड्यांचा वास, पुढच्या रांगेत ज्येष्ठ, मागे कंटाळलेली पोरं. माझी इरा तेव्हा आठ वर्षांची होती. पेंग्विन दिसतील म्हणून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. हेमाताईंनी एकही पेंग्विन दाखवला नाही. त्यांनी घराची गोष्ट सांगितली.

जहाजातून ते घर फळ्या-फळ्यांनी आलं. प्रत्येक फळीवर खूण घातलेली, कारण त्या थंडीत विचार करत बसायला वेळ नसतो. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत गोणपाटात शिवलेलं समुद्री शेवाळ भरलेलं, ऊब धरून ठेवायला. आत खोक्यांची भिंत रचून अधिकारी एका बाजूला, खलाशी दुसऱ्या बाजूला. शेजारी घोड्यांचा तबेला. त्या घरातून काही माणसं ध्रुवाकडे निघाली आणि परत आली नाहीत. उरलेल्यांनी आवरसावर केली, दार लावलं आणि निघून गेले. मग काही वर्षांनी दुसऱ्याच एका मोहिमेची माणसं तिथे अडकली. त्यांचं जहाज वादळात दोर तुटून वाहून गेलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी ही माणसं त्या घरात शिरली. पहिल्यांनी टाकून दिलेले कपडे घातले, त्यांचे डबे उघडून खाल्ले, सीलची चरबी जाळून शेक घेतला. त्या धुराने भिंती आणि छत काळं झालं. त्यानंतर घर रिकामं राहिलं, आणि फटींतून शिरलेला बर्फ आत साठत साठत पार छतापर्यंत गेला. कित्येक वर्षांनी लोकांनी तो कुदळींनी फोडून काढला. मग आले पाहुणे. कुणी चमचा खिशात घातला, कुणी डबा.

"आणि मग आम्ही," त्या म्हणाल्या. "मिठाचा वारा पत्रा खातो, ओलीने लाकडाला बुरशी येते. एकेक वस्तू उचलायची, बरी करायची, आणि जिथून उचलली तिथेच परत ठेवायची. आमचं काम दिसलं, तर ते फसलं."

"पण ती काजळी तरी पुसायची की," पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले. "मूळ मोहिमेच्या वेळी नव्हती ना ती."

"का पुसायची? अडकलेली माणसं माणसं नव्हती का?"

मग मागून एका तरुण इंजिनियरने विचारलं की आपल्याकडे गडकिल्ले ढासळतायत, आणि तुम्ही इंग्रजांच्या झोपडीसाठी एवढ्या लांब जाता, याचं काय. मला वाटलं, आता त्या भडकणार. पण त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला.

"झोपडी नाही, घर आहे ते," त्या म्हणाल्या. "आणि किल्ल्यासाठी मला कुणी बोलावलं नाही. दोनदा अर्ज केला होता. तुमची ओळख असेल तर सांगा, उद्या जाते."

घरी परतताना इरा बसमध्ये तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, शी वेंट ऑलरेडी. यू नॉट यट, लाह." मी तिला खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

प्रभाकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्तीनंतर मरीन परेडच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुर्बिणीतून नांगरलेली जहाजं बघत बसत. हसतमुख, बोलके. त्यांना त्या घराचा माझ्यापेक्षाही जास्त हेवा वाटायचा, पण ते तो उघड बोलून दाखवायचे. "मी आयुष्यभर समुद्रावर," ते मला एकदा म्हणाले, "आणि हिने कधी विचारलं नाही की तुमच्या इंजिनरूममध्ये कुठली वस्तू कुठे असते. त्या घरातल्या पंचवीस परपुरुषांचे मोजे कुठे आहेत ते मात्र पाठ."

"पंचवीसांचे नाहीत," आतून आवाज आला. "बरेचसे हरवलेत."

तिसऱ्यांदा जाण्याची त्यांची वेळ आली, तेव्हा प्रकृती आडवी आली. तिकडे जायचं तर आधी कडक तपासणी असते, कारण तिथे कुणाला काही झालं तर दवाखाना हाकेच्या अंतरावर नसतो. तपासणीत त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच भरकटतात असं निघालं. डॉक्टरांनी सही दिली नाही. त्या घराची देखभाल करणाऱ्या न्यूझीलंडच्या संस्थेने दुसरं माणूस शोधायला घेतलं. कामात लोकरीचे कपडे जास्त होते. त्यांनी मला विचारलं.

ई-मेल वाचला तेव्हा हेमाताई माझ्यापासून दहा फुटांवर बसल्या होत्या. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दुपारी हॉकर सेंटरला समोरासमोर बसल्यावर मी सांगायला तोंड उघडलं.

"मला कळलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला विचारूनच तुला विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुझं काम चांगलं आहे." त्यांनी सूपमधला माशाचा तुकडा चमच्याने बाजूला सारला. "वाईट असतं तर बरं झालं असतं."

पुढचा बराच काळ त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका रविवारी सकाळी प्रभाकररावांचा फोन आला. "ये बाई, आणि मोजे घालून ये. आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा राहिलेली नाही."

हेमाताईंनी फ्लॅटभर जमिनीवर चिकटपट्टी लावून त्या घराचा नकाशा काढला होता. सोफा भिंतीला उभा केलेला. जेवणाचं टेबल मोहिमेच्या टेबलाच्या जागी. झोपायची खोली तबेल्यात गेली होती. "मी घोड्यांबरोबर झोपतो सध्या," प्रभाकरराव म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी त्या पट्ट्यांच्या मधून चालायचं आणि त्यांनी खुर्चीत बसून सांगायचं. "डावीकडे खिळा आहे, खांदा सांभाळ. इथे वाक. वाकलीस? अजून. आता तुझ्या डोक्यापाशी एक दोरी आहे, तिच्यावर मोजा आहे. तो तुझा." मी चुकले की मला दारापाशी परत पाठवत. शिकवत होत्या, पण हातचं राखून. मी काही विचारलं तर कधी कधी म्हणत, "ते तिथे गेल्यावर कळेल." एकदा मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? त्या उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या. प्रभाकरराव हळू आवाजात म्हणाले, "सगळंच मागू नकोस गं तिच्याकडे."

मग मी गेले.

आधी विमान, मग हेलिकॉप्टर, मग तो काळा किनारा. दार उघडलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. कॉलेजपासून ज्या क्षणासाठी थांबले होते तो आला, आणि मी दारात उभी राहून पहिल्यांदा काय केलं असेल, तर डावीकडचा खिळा टाळायला खांदा आत घेतला. मी पुढे झाले. वाकायचं तिथे वाकले. फळीवर डब्यांची रांग होती. आमच्या तुकडीतला एक उंच, दाढीवाला सुतार म्हणाला, "हे हेमाने केलेत." कोपऱ्यातला दिवा दाखवला, तोही हेमाने केलेला. संध्याकाळी तंबूत जेवताना सगळ्यांनी तिचीच चौकशी केली. तिने शिकवलेली खिचडी ते अजून करत होते, आणि खिचडीला ते 'किचिरी' म्हणत.

मला तिथे जितका हेवा वाटला तितका सिंगापूरलाही वाटला नव्हता. माझ्या स्वप्नातलं घर, आणि त्यात पाऊल टाकल्यावर कळलं की इथे दुसरी बाई आधीच राहून गेली आहे, घर तिच्या ओळखीचं आहे आणि मी पाहुणी. मी मन लावून काम केलं. दोरीवरच्या मोज्याची उसवलेली टाच बारीक टाक्यांनी धरून ठेवली, उशीच्या अभ्र्यातली बुरशी काढली. एका स्वेटरच्या कोपरावर कुणीतरी वेगळ्याच रंगाच्या लोकरीने केलेलं रफू सापडलं. जाडंभरडं, पुरुषी हाताचं. नंतर अडकलेल्यांपैकी कुणीतरी पहिल्या मोहिमेतल्या कुणाचा तरी स्वेटर रफू केला होता. ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या रफूकडे बघत मी बराच वेळ गुडघ्यांवर बसले होते. तेवढं एक माझं होतं.

परत आल्यावर हेमाताईंनी फोन केला नाही. आठवड्याभराने मीच त्यांच्याकडे गेले. जमिनीवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या, पण फरशीवर त्यांचे चिकट माग दिसत होते. मी फोटो दाखवायला लॅपटॉप उघडला तर त्यांनी तो मिटला.

"फोटो नकोत. सांग."

मी सांगत गेले. डबे, दिवा, खिचडी. त्या मान हलवत होत्या, हे सगळं त्यांना माहीत होतंच. मग मी स्वेटरचं सांगितलं, वेगळ्या लोकरीचं. त्या एकदम पुढे झाल्या.

"कुठल्या कोपराला?"

"डाव्या."

"मी तो उचलला होता," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा उचलला होता. मला नाही दिसलं."

त्यांचा चेहरा उतरला होता. डोळे माझ्यावर होते आणि त्यांत जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं, कारण इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांत होतं. मला वाटलं होतं की हे पाहून बरं वाटेल. वाटलंही, थोडं. मग त्या म्हणाल्या, "छान काम केलंस," आणि प्रभाकररावांना म्हणाल्या, "हिला जेवायला थांबवा." मी जेवून निघाले.

पुढच्या वर्षी त्यांनी हृदयावर एक छोटी प्रक्रिया करून घेतली. ठोके रुळावर आले. त्यांनी कुणालाही न सांगता पुन्हा तपासणी करून घेतली आणि या वेळी डॉक्टरांनी सही दिली. तोवर संस्थेने पुढच्या उन्हाळ्यासाठी मला पुन्हा बोलावलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. जागा एकच होती. संस्थेने कळवलं की तुम्ही दोघी आपसात ठरवा.

हेमाताई माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्याच राहिल्या. "मी मागणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तू दिलीस तर नको म्हणणार नाही."

मी विचार करते म्हटलं. आणि खरोखरच केला, बरेच दिवस. नवरा म्हणाला, त्यांचं होऊन गेलंय, तू जा. डायरेक्टर म्हणाले, तुझ्या करियरसाठी तूच जायला हवंस. दोघांचंही बरोबर होतं. मला जायचं होतं, पहिल्यापेक्षा जास्त जायचं होतं, कारण आता त्या कपड्यांत काय शोधायचं ते मला कळलं होतं. पण दर वेळी मी मनाने त्या दारातून आत शिरले की डावीकडून "खांदा सांभाळ" ऐकू यायचं. आणि त्यांची साठी जवळ आली होती. पुढच्या खेपेला त्यांना सही मिळेल याची कुणी हमी देत नव्हतं. शेवटी हेमाताई येतील असं मी संस्थेला कळवलं आणि मग त्यांना सांगितलं. त्यांनी आभार मानले नाहीत. "डाव्या कोपराचा फोटो मला पाठव," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्या, काम पुरं करून आल्या, आणि पुढच्या वर्षी दोघं नवराबायको सांगलीला कायमचे राहायला गेले. तिथल्या एका छोट्या संग्रहालयात त्या आता आठवड्यातून काही दिवस जातात. आम्ही फोनवर बोलतो. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या चांगी विमानतळावरच्या, तिसऱ्या खेपेला निघालेल्या.

सामानाचं वजन वाचवायला त्यांनी बर्फातले ते जाडजूड बूट पायातच घातले होते. बाहेर नेहमीसारखं उकडत होतं. लोक चपला-सँडलांत फिरत होते आणि या बाई पिंडऱ्यांपर्यंतच्या बुटांत, धप्प धप्प पावलं टाकत चालल्या होत्या. प्रभाकरराव ट्रॉली परत ठेवायला गेले होते. आत जायच्या दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका बुटाची नाडी सुटली आहे. दोन्ही हातांत पासपोर्ट, बोर्डिंग पास, जॅकेट. त्यांनी पाय पुढे केला.

"बांध गं जरा."

मी गुडघ्यांवर बसले. लांबलचक नाडी, आकडे भरपूर. एकेका आकड्यात ती अडकवत वर येताना मला इतकं आतून जळायला लागलं की मधला एक आकडा राहून गेला आणि मला परत खाली यावं लागलं. हे बूट पुढच्या आठवड्यात त्या काळ्या खडीवर असणार होते आणि मी तांजोंग पगारला. मी गाठ मारली, मग वर आणखी एक मारली.

"घट्ट झाली का?"

त्यांनी पाय आपटून पाहिला. "नाही. चांगली झाली." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं फार जळलं होतं तू गेलीस तेव्हा."

"माहितीये," मी म्हटलं. "माझं आत्ता जळतंय."

त्या हसल्या. आठ वर्षांत मी त्यांना असं, सगळे दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. मग त्या वळल्या आणि काचेच्या दारातून आत गेल्या. त्या बुटांमुळे नेहमीपेक्षा दोन बोटं उंच दिसत होत्या. प्रभाकरराव धापा टाकत आले, तोवर त्या वळणापलीकडे गेल्या होत्या.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं, आणि गुडघ्यांवरची धूळ झटकली.